बोर्ड ओळख दाखवत नाही

मंगळवार, दुपारचे तीन
(भिंतीवरच्या पाचही घड्याळांत)

साडूभाऊ,

जुन्या घड्याळजीचा नमस्कार घ्यावा आणि अक्कांनाही सांगावा. तुमच्या मेव्हणीचा नमस्कार अक्कांना रोज फोनवर पोचतोच, पण कागदावरचा नमस्कार जास्त टिकतो, म्हणून तोही सोबत जोडला आहे. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? अक्कांचे डोळ्यांत घालायचे थेंब संपले का, की अजून त्या तुम्हाला ओळखत नसल्याचं सांगतात? आमच्याकडे सगळं उत्तम आहे. माझी मान थोडी धरली आहे, पण ती एका विद्येपायी धरली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. ते पुढे येईलच.

गेले सात महिने आपण एकमेकांशी बोललेलो नाही. कारण तुम्हाला आठवत असेल, मला तर ते पाठ आहे. तुमच्या मेव्हणीच्या वाढदिवसाच्या जेवणाला तुम्ही चारचौघांत म्हणालात की हल्ली घड्याळ वापरतो कोण, वेळ तर फोनमध्येच दिसते. त्यावर मी म्हणालो की तुमचं ते कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळणं म्हणजे गुरं राखणं, फक्त शेण काढावं लागत नाही. हे वाक्य मला अजूनही चांगलं जमलेलं वाटतं. पण ते बोलायला नको होतं असं तुमच्या मेव्हणीचं म्हणणं आहे, आणि ते मी तिच्या वतीने इथे लिहून टाकतो. आता मुख्य विषयाकडे येतो, तो म्हणजे मी स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर बांधला.

तो बांधावा लागला याचं कारण असं. तुमची मेव्हणी शाळेतून निवृत्त झाल्यापासून अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या खोलीत खिडकी लावून, पंखा बंद करून, घाम पुसत ती वाचते आणि त्या वेळात मी घरात चोरासारखा चालतो. सध्या एका समुद्रप्रवासाची पंचवीस भागांची कादंबरी चालू आहे. आमचा जुना कॉम्प्युटर मात्र गेल्या वर्षापासून इतका घुरघुरायला लागला होता की ग्रंथालयाने अठरावा भाग परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी जोडली की मागे पिठाची गिरणी चालू आहे का, असल्यास ती बंद असताना वाचावं. (चिठ्ठी नम्र होती. मला नम्र चिठ्ठ्यांचाच जास्त राग येतो.) मग तिने तो भाग कॉम्प्युटरवर उशी धरून पुन्हा वाचला. उशी मी धरली होती. बाविसावा भाग संपला त्याच दिवशी कॉम्प्युटरने एक उसासा टाकला आणि तो कायमचा गप्प झाला. त्यात उशीचा काही हात असावा असं मला वाटत नाही.

आता हे तीन भाग राहिले तर राहिले, असं म्हणता आलं असतं. पण या कादंबरीला एक श्रोता आहे. म्हातारे गृहस्थ, पूर्वी बोटीवर आचारी होते, दृष्टी जाऊन नऊ वर्षं झाली. ते दर रविवारी सकाळी दहाला फोन करून तुमच्या मेव्हणीला मागच्या भागातल्या चुका सांगतात. तिच्या नव्हे, लेखकाच्या. वादळात भटारखान्यातली चूल कशी पेटती राहील, एवढ्या माणसांना एवढं पीठ कसं पुरेल, असं सगळं. मला सुरुवातीला हे गृहस्थ आगाऊ वाटले होते, पण एका रविवारी फोन आला नाही तेव्हा आम्ही दोघंही अकरापर्यंत त्या फोनपाशी बसून होतो. तर आता त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. ते तुमच्या मेव्हणीला म्हणाले, “बाई, घाई नाही. फक्त बोट बंदराला लागते की बुडते, तेवढं शुक्रवारच्या आत कळलं तर बरं.” तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. साडूभाऊ, ती तशी पाहते तेव्हा मी काहीतरी दुरुस्त करायला घेतो, ही माझी जुनी सवय आहे.

तिने अक्कांना फोन लावला आणि तुम्ही मागून ओरडून चार मुद्दे सांगितलेत, तेही मला कळलं. तिने ते कॅलेंडरच्या पानामागे लिहून फ्रिजवर लावले. एक, बोर्ड आणि प्रोसेसर यांचं सॉकेट एकच आहे का बघा. दोन, बोर्डाचा चिपसेट बघा. तीन, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते, तिच्यात आपला शोधा आणि त्याच्यासमोर बायोसचा कुठला आकडा दिला आहे तेही बघा. चार, त्यापेक्षा तयारच घ्या. आता खरं सांगतो, मी मुद्दे खालून वर वाचले आणि चौथा वाचल्यावर वरचे तीन वाचायची इच्छा उरली नाही. ज्या माणसाने तांदळाएवढी चाकं असलेली बायकी घड्याळं चव्वेचाळीस वर्षं उघडून पुन्हा बंद केली (आणि बंद केल्यावर टेबलावर काही उरलं नाही), त्याला तयार घ्या म्हणायचं? मी मोजून पाहिलं. बोर्ड, प्रोसेसर, मेमरीची पट्टी, डिस्क, वीज देणारा डबा, पंखा आणि हे सगळं ठेवायची पेटी. सातच वस्तू. सात वस्तूंच्या घड्याळाला आम्ही खेळणं म्हणतो.

प्रोसेसर मला गल्लीतल्या फोटोवाल्याकडून मिळाला. त्याच्या आजोबांचं लंबकाचं घड्याळ मी चालू करून दिलं होतं आणि तो नुकताच मोठा कॉम्प्युटर घेऊन मोकळा झाला होता, तेव्हा जुन्यातला प्रोसेसर त्याने आनंदाने काढून दिला. चौकोनी वस्तू, वरून आरशासारखी आणि खालून तेराशेवर सोनेरी पिना, एकेक केसासारखी बारीक, ओळीत उभ्या. असं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तो भिंग लावून तासभर नुसता बघत बसलो. मग बोर्ड आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “प्रोसेसर कुठला आहे?” मी म्हणालो, “सुस्थितीतला.” मग आपल्याला कुठला बोर्ड पाहिजे ते मी काचेतून बोटाने दाखवलं, कारण त्याच्या खोक्यावर प्रोसेसरवाल्याच कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात होतं. एकाच घरातली माणसं एकमेकांशी जुळवून घेतात असा माझा समज होता. (आपल्या दोघांचा अनुभव जमेस धरला असता तर हा समज टिकला नसता, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.)

बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून मी कामाला बसलो. बोर्डावर प्रोसेसरसाठी एक चौकोनी जागा असते (तेच तुमचं सॉकेट) आणि तिच्यावर लोखंडी चौकट येते, ती मिटून दांडी खाली दाबायची. जागेचं माप बरोब्बर जुळत होतं. मात्र त्या जागेत भोकं असतील असं मला वाटलं होतं, आणि तिथे होत्या पिनाच, स्प्रिंगसारख्या, वर तोंड करून. म्हणजे प्रोसेसरच्याही पिना आणि बोर्डाच्याही पिना. एका क्षणी मला हे जरा विचित्र वाटलं, असं आता लिहायला हरकत नाही. पण नवीन तंत्र असेल, पिना एकमेकींत गुंफत असतील, असा विचार करून मी दांडी दाबली. दांडी जड गेली. मी अजून दाबली. आतून एक अगदी बारीक आवाज आला, घड्याळाची काच दाताखाली आल्यासारखा. स्वयंपाकघरातून तुमची मेव्हणी म्हणाली, “काय तुटलं?” मी म्हणालो, “काही नाही, बसला.”

बसला नव्हता. उघडून पाहिलं तर प्रोसेसरच्या एकतीस पिना आडव्या झाल्या होत्या आणि बोर्डातल्या नऊ. साडूभाऊ, माझ्या हातून वस्तू बिघडणं ही मला सवय नसलेली गोष्ट आहे. मी फडक्यासकट सगळं तसंच झाकून ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. हाताकडे बघत राहिलो. दुकान बंद केलं त्या दिवशीही मला इतकं म्हातारं वाटलं नव्हतं. पण हे वाटणं चहा होईपर्यंतच टिकलं. चहा पिता पिता लक्षात आलं की वाकलेली वस्तू सरळ करणं हाच तर माझा धंदा. मी पेटीतून माझं डोळ्याला लावायचं भिंग काढलं, पितळी चिमटा काढला, सगळ्यात बारीक सुई काढली आणि बुधवारची उरलेली दुपार, गुरुवार आणि शुक्रवार अशा चाळीस पिना सरळ केल्या. श्वास धरायचा, पीन एका बाजूने ढकलायची, सोडायची, बघायचं, श्वास घ्यायचा. एकही तुटली नाही. मान धरली ती इथे. शुक्रवारी संध्याकाळी मी भिंगातून पाहिलं तर कुठली पीन वाकली होती हे माझं मलाच ओळखता येईना. मी तुमच्या मेव्हणीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “फारच सुंदर,” आणि मग बोर्डाच्या खोक्यातली माहितीपुस्तिका माझ्यापुढे धरली. ती हे पुस्तक दोन दिवस वाचत होती. (तिला वाचायला काहीतरी लागतंच.) तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की हा बोर्ड फक्त नव्या सॉकेटच्या प्रोसेसरसाठी आहे, ज्यांना खाली पिना नसतात. आमचा जुन्या सॉकेटचा. कंपनी एक, माप एक, सॉकेट वेगळं. म्हणजे तुमचा पहिलाच मुद्दा. त्या वेळी ती फक्त फ्रिजकडे बघत होती, हा तिचा मोठेपणा.

शनिवारी सगळं घेऊन परत दुकानात गेलो. खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. बाईंना म्हणालो, हा बोर्ड मी चुकीचा नेला, दाबून पिना वाकवल्या, आणि मग सरळ केल्या. बाई अशा गोष्टी रोज ऐकत असाव्यात, कारण त्यांनी हात पुढे करतानाच मान हलवायला सुरुवात केली होती. मग त्यांनी दिव्याखाली बोर्ड धरला. भिंगातून पाहिला. फिरवून पाहिला. “कुठल्या वाकल्या होत्या?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “नऊ.” त्या म्हणाल्या, “किती नाही, कुठल्या?” मी म्हणालो, “ते आता मलाही सांगता येणार नाही.” त्यांनी बोर्ड आतल्या टेबलावर नेला, त्यावर नवा प्रोसेसर बसवून चालवून पाहिला. चालला. मग त्यांनी काउंटरखालचा एक खण ओढला. त्यात तेवीस बोर्ड पडलेले होते, सगळ्यांच्या पिना वाकलेल्या, सगळे लोकांनी परत आणलेले. बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी काय करता?”

तर साडूभाऊ, वयाच्या सत्तराव्या वर्षी मला पुन्हा टेबल मिळालं आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला, खिडकीपाशी, उजेड डावीकडून. आजच पहिल्यांदा बसलो आणि दोन बोर्ड सरळ करून एक वाजता घरी आलो. दुकानातली दोन माणसं काम टाकून माझ्या मागे उभी राहून बघत होती. त्यांच्या मनगटावर घड्याळं नव्हती हे मी पाहिलं, पण बोललो नाही. तसा मी आता बदललो आहे.

पहिला बोर्ड बाईंनी परत घेतला आणि आमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा जुना पण न वापरलेला बोर्ड शोधून दिला. मेमरीची पट्टीही बदलावी लागली, कारण पहिल्या बोर्डाच्या पट्टीची खाच या जुन्या बोर्डाच्या खाचेच्या जरा बाजूला येते. हे मी मात्र न दाबता ओळखलं. रविवारी सकाळी मी प्रोसेसर कोपऱ्यावरच्या सोनेरी त्रिकोणाशी त्रिकोण जुळवून ठेवला आणि तो स्वतःच्या वजनाने आत उतरला. काही दाबावं लागलं नाही. तो जो एक क्षण असतो, भाग आपल्या जागी जातो आणि हाताला काही करायचं उरत नाही, तो मला दोन वर्षांनी पुन्हा भेटला. पंखा बसवला, डबा जोडला, तारा ओळीने बांधल्या (मागच्या बाजूने बघा, पुढून बघावं तितकंच सुबक दिसेल) आणि बटण दाबलं. पंखा फिरला. आणि इतका शांत, की तुमची मेव्हणी कान लावून म्हणाली, “चालू आहे ना?” ग्रंथालयाला आता गिरणी काय, माशीसुद्धा ऐकू येणार नाही.

तेव्हा कॉम्प्युटर बांधून झाला हे तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र. तुमच्या चार मुद्द्यांपैकी पहिला बरोबर होता हे मोकळ्या मनाने मान्य करतो. दुसरा मला कळला नाही. चौथा चुकीचा होता हे सिद्ध झालंच आहे. अक्कांनी थेंब वेळेवर घालावेत. गुडघ्याला ऊब द्यावी. इकडचा सगळा लोभ आहे तसा आहे, सात महिने न वापरल्याने त्याला काही झालेलं नाही.

तुमचा,
घड्याळजी साडू

ता. क. तिसऱ्या मुद्द्याबद्दल लिहायचं राहिलं. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडद्यावर काही येत नाही. पडदा काळा आहे. रविवारपासून काळा आहे. आज बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या की प्रोसेसर ठीक, बोर्ड ठीक, सॉकेट एक, पण बोर्डातला बायोस, म्हणजे चालू होताना काय करायचं ते त्याच्या पोटात लिहिलेलं असतं तो, जुन्या काळचा आहे. हा प्रोसेसर त्याच्या नंतर आला, म्हणून बोर्ड त्याला ओळख दाखवत नाही. एखादा जुना प्रोसेसर (दुकानात आता तसा उरलेला नाही) तात्पुरता बसवला की बोर्ड जागा होईल, मग त्याला नवा बायोस द्यायचा आणि आपला प्रोसेसर परत लावायचा. तुमच्याकडे गेल्या वर्षी बदललेला, याच सॉकेटचा प्रोसेसर डब्यात पडून आहे असं अक्कांच्या बोलण्यात आलं होतं. तो मिळाला तर पाहिजे होता.

ता. क. दुसरा. टपालाने पाठवू नये. पिना वाकतील. वाकल्या तर मी सरळ करीन, पण शुक्रवारचं ऑपरेशन आहे. तुम्ही स्वतः घेऊन आलात तर बरं पडेल. अक्कांनाही आणावं. जेवायलाच या, राहायची तयारी करून. आणि तो बायोस नक्की कसा द्यायचा ते तुम्हाला येतं, मला येत नाही. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, डाग पडला आहे तो त्याचा.

(यापुढचं अक्षर वेगळं आहे.)

भावोजी, मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे आणि हे चष्मा शोधताहेत. त्यांना माहीत नसलेल्या दोन गोष्टी सांगते. राहिलेले तीन भाग मी शनिवारी, हे दुकानात असताना, कपाटात ब्लँकेटांमध्ये डोकं घालून फोनवर रेकॉर्ड करून दिले. ग्रंथालयाने घेतले. बोट बंदराला लागली हे आचारीकाकांनी काल ऐकलं आणि ती कुठल्याही बंदराला त्या बाजूने लागूच शकत नाही म्हणून मला अर्धा तास समजावलं. तेव्हा ती काळजी नाही. दुसरं म्हणजे त्या दुकानातल्या बाईंचा मला मघाशी फोन आला. त्यांनी माहितीपुस्तिका पाहिली, या बोर्डाला मागे एक लहान बटण आहे. नवा बायोस पेन ड्राइव्हवर घालून ते बटण दाबलं की दहा मिनिटांत काम होतं, जुन्या प्रोसेसरची गरजच नाही. मीच त्यांना म्हटलं, ह्यांना सांगू नका. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. तुमच्याकडे मागायला त्यांना दोन दिवस आणि सहा कागद लागले. तेव्हा प्रोसेसर घेऊन या. बोर्डाची मागची बाजू ते तुम्हाला कौतुकाने दाखवतीलच, तारा बघा म्हणून. बटण तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही तारांचंच बोला.